लाट येते, पाणी कुठे येते?

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने लाटांच्या भौतिकशास्त्रावर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आपल्या वार्षिकात लाटा येतात त्या बहुधा कवितांतून. त्या किनाऱ्यावर डोके आपटतात, कुजबुजतात, आठवणी घेऊन परत जातात. त्या लाटांविषयी माझी तक्रार नाही. परंतु नववीत असताना आम्ही चार मुलींनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रकल्प केला होता, ‘तरंगांचे वर्तन’ या नावाचा. पुढे चौघींपैकी तिघी विज्ञानाला गेल्या आणि मी भूगोल घेऊन कला शाखेत आले. तरीही त्या प्रकल्पात जे पाहिले ते मला इतिहासाच्या तासाला आठवले, संगीताच्या बैठकीत आठवले आणि आमच्या वाडीच्या ग्रामसभेत तर फारच आठवले. म्हणून त्याविषयी सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थाळीतला समुद्र

आमचे उपकरण अगदी घरगुती होते. लाकडी चौकटीत काच बसवून आणि कडा मेणाने बुजवून एक उथळ ट्रे केला. तो चार उंच पायांवर ठेवला, खाली पांढरा कागद अंथरला आणि वर एक लहान, प्रखर दिवा टांगला. ट्रेमध्ये सुमारे पाच मिलिमीटर पाणी ओतले. मोडक्या खेळण्यातली मोटर एका लाकडी पट्टीला बांधली, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड होईल असा मातीचा गोळा लावला आणि ती पट्टी रबराच्या दोन बंधांनी पाण्यावर अधांतरी टांगली. मोटर सुरू केली की पट्टी थरथरते आणि पाण्यावर सरळ, समांतर तरंग उठतात. तरंगाचा माथा बहिर्गोल भिंगासारखा प्रकाश एकवटतो आणि खळगा तो पसरवतो. त्यामुळे खालच्या कागदावर उजळ व काळसर पट्टे सरकताना दिसतात. शास्त्रीय भाषेत माथ्याला शृंग म्हणतात, खळग्याला गर्त म्हणतात, आणि एका शृंगापासून पुढच्या शृंगापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. ट्रेच्या कडेला स्पंजाच्या पट्ट्या लावाव्या लागतात, नाहीतर कडेवर आपटून परतणारे तरंग सगळे चित्र बिघडवतात.

पट्टे इतक्या वेगाने पळतात की मोजणार कसे? त्यावर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी युक्ती सांगितली. पुठ्ठ्याच्या गोल चकतीला कडेने समान अंतरावर बारा फटी पाडायच्या आणि ती डोळ्यांसमोर फिरवत फटींतून पाहायचे. चकतीचा वेग जुळला की तरंग जागच्या जागी थिजल्यासारखे दिसतात. वेग दुप्पट केला तर पट्टेही दुप्पट दिसू लागतात, त्यावरून योग्य वेग कोणता ते कळते. आमची चकती सेकंदाला एक फेरा घेताना तरंग थिजत. म्हणजे पाणी सेकंदाला बारा वेळा हलत होते. ट्रेत ठेवलेल्या मोजपट्टीच्या सावलीशी ताडून पाहता तरंगलांबी सुमारे १.८ सेंटिमीटर भरली. बारा गुणिले १.८, म्हणजे तरंगाचा वेग सेकंदाला साधारण २२ सेंटिमीटर. मुंगीच्या मानाने पुष्कळ, माणसाच्या मानाने रमतगमत!

पाणी जागेवरच

प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी आलेल्या बहुतेकांना वाटले की पट्टीजवळचे पाणी वाहत वाहत दुसऱ्या टोकाला जाते. त्यासाठी आम्ही बुचाचे बारीक तुकडे पाण्यावर टाकले होते. तरंग पुढे जात, बुचाचा तुकडा मात्र जागच्या जागी वरखाली डुलत राही. भाद्रपदात भाताच्या शेतावरून वारा गेला म्हणजे हिरवी लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत धावत जाते, पण एकही रोप आपली जागा सोडत नाही. पाण्याच्या लाटेचे तसेच आहे. पुढे जाते ती हालचाल, म्हणजेच ऊर्जा.

खोल समुद्रात लाटेखालचे पाणी बारीक वर्तुळे काढते. खाली खाली ही वर्तुळे लहान होत जातात आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर ती जवळजवळ नाहीशी होतात. दर दहा सेकंदांनी एक शृंग येत असेल, तर खोल पाण्यात त्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते आणि वेग ताशी ५६ किलोमीटर. खोली ७८ मीटरांच्या खाली आली की अशा लाटेला प्रथम तळ जाणवू लागतो. मग ती मंदावते, तिची लांबी आखडते, उंची वाढते. उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे चार पंचमांश झाली की माथा पुढे कोसळतो. ‘लाट फुटली’ असे आपण म्हणतो ते यालाच. तेव्हा मात्र पाणी खरोखरच पुढे येते. आमच्या वाडीतले एक तांडेलकाका प्रदर्शनात बुचाच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत उभे होते. मग म्हणाले, “बरोबर आहे, पोरी. बाहेर समुद्रात लाट होडीखालून निघून जाते. होडी मारते ती काठावरची लाट.” पाठ्यपुस्तकातले एक पान त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकले.

चार गुण

तरंगांचे मुख्य गुण चार: परावर्तन, वक्रीभवन, विवर्तन आणि व्यतिकरण. नावे भारदस्त आहेत, पण थाळीत पाहिली की ती सोपी वाटतात.

परावर्तन सर्वांना ठाऊक असते. ट्रेमध्ये धातूची सरळ पट्टी तिरपी उभी केली की तरंग तिच्यावर ज्या कोनात आदळतात, त्याच कोनात परततात. पट्टी समोरासमोर ठेवली तर येणारे आणि परतणारे तरंग एकमेकांवर चढतात आणि पट्टीपुढचे पाणी जवळजवळ दुप्पट उंच उसळते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

वक्रीभवन पाहण्यासाठी आम्ही पाण्यात काचेचा तुकडा बुडवला. त्याच्यावर जेमतेम दीड मिलिमीटर पाणी राहिले. उथळ पाण्यात शिरताच तरंग मंदावले आणि १.८ सेंटिमीटरची तरंगलांबी दीडच्या आसपास आली. काच तिरपी ठेवली तर तरंगाचे एक टोक आधी मंदावते, दुसरे वेगातच राहते, आणि सगळी रांग वळते. कवायतीत रांग वळताना आतले मूल जागीच पाय आपटते आणि बाहेरचे भराभर चालते, तसेच हे होते. समुद्रात वारा कोणत्याही दिशेचा असो, लाटा शेवटी किनाऱ्याला जवळपास समांतर होऊनच का येतात, त्याचे उत्तर यात आहे. उथळ तळ त्यांना वळवतो. कोकणच्या किनाऱ्यावर एकाआड एक खडकाळ भूशिरे आणि त्यांच्यामध्ये अर्धचंद्राकार पुळणी आहेत. तळाच्या चढामुळे लाटा भूशिराकडे वळून तेथे एकवटतात आणि दोन भूशिरांमधल्या वाळूवर त्यांची शक्ती विखुरते. म्हणून टोकावरचा खडक झिजत राहतो आणि पुळणीवर होडी ओढता येते. भूगोलाच्या पुस्तकात ही आकृती मी पुढे पाहिली, पण ती ओळखीची वाटली.

विवर्तन म्हणजे कडेभोवती वळणे. दोन पट्ट्यांमध्ये दहा सेंटिमीटरांची फट ठेवली तर तरंग तिच्यातून सरळ निघून जातात, फक्त टोकांशी थोडे वाकतात. फट दोन सेंटिमीटरांची, म्हणजे तरंगलांबीएवढी, केली की पलीकडे अर्धवर्तुळाकार तरंग चहूकडे पसरतात. येथे एक नियम हाती लागतो: अडथळा किंवा फट तरंगलांबीच्या मानाने लहान असेल तर तरंग वळसा घालतो, फार मोठी असेल तर सावली पडते. स्वयंपाकघरातून आईने मारलेली हाक आपल्याला बाहेरच्या खोलीत ऐकू येते, पण आई दिसत नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला दोनशे कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी १.७ मीटर होते, म्हणजे दारापेक्षाही मोठी. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. त्याच्या दृष्टीने दार म्हणजे महाद्वारच. त्यामुळे तो सरळ जातो आणि कोपऱ्याआडची आई अदृश्य राहते.

व्यतिकरण हा चौथा आणि सर्वांत सुंदर गुण. लाकडी पट्टीला दोन मणी टांगून दोन ठिकाणांहून वर्तुळाकार तरंग उठवले. शृंगावर शृंग आले तेथे पाणी अधिक उसळले. एकाचे शृंग आणि दुसऱ्याचे गर्त एकत्र आले तेथे पाणी स्तब्ध राहिले. कागदावर पंख्याच्या काड्यांसारख्या शांत रेषा उमटल्या. दोन हालचालींची बेरीज शून्य येऊ शकते, हे गणिताच्या वहीत कितीही वेळा लिहिले तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

एक वैद्य आणि एक शिलालेख

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. प्रकाश हा कणांचा बनलेला आहे की तरंगांचा, हा वाद जुना. डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६९० मध्ये तरंगांची बाजू मांडली. न्यूटनने १७०४ च्या ग्रंथात कणांना कौल दिला आणि न्यूटनच्या नावाचा दबदबाच एवढा की पुढे जवळजवळ शतकभर तरंगांना कोणी विचारेना. थॉमस यंग (१७७३–१८२९) हा लंडनचा व्यवसायाने वैद्य. त्याने १८०१ ते १८०३ या काळात रॉयल सोसायटीपुढे व्यतिकरणाचा सिद्धांत मांडला. प्रकाशात प्रकाश मिळवला असता काही ठिकाणी अंधार होतो, आणि हे कणांनी घडणे अवघड, असे त्याचे म्हणणे. उथळ पाण्यातल्या तरंगांचा दाखला तो आपल्या व्याख्यानांत देई. १८०७ मध्ये ही व्याख्याने दोन खंडांत छापली गेली. दोन बिंदूंपासून निघणाऱ्या तरंगांची त्यातली आकृती आमच्या थाळीखालच्या कागदासारखीच आहे.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतले म्हणावे तर तसेही नाही. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याच्यावर निनावी आणि बोचरी टीका झाली. यंगने उत्तरादाखल पुस्तिका काढली, तिची एकच प्रत खपली असे सांगतात. पुढे फ्रान्समध्ये फ्रेनेलने १८१८ मध्ये तरंगांचे गणित अकादमीपुढे ठेवले. तेव्हा प्वासाँ या गणितज्ञाने आक्षेप घेतला की हे खरे मानले तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि ही गोष्ट हास्यास्पद आहे. आरागोने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता! खोडून काढण्यासाठी दिलेला दाखलाच सिद्धांताचा पुरावा ठरला. विसाव्या शतकात प्रकाशाचे कणरूपही पुन्हा मान्य झाले, पण त्यामुळे तरंगरूप खोटे ठरले नाही. दोन्ही मानावी लागतात.

हाच यंग ईजिप्तमधल्या रोझेटा शिलालेखाची चित्रलिपी उलगडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक होता. शांपोलियोंने १८२२ मध्ये ते कोडे सोडवले, त्याआधी राजनामांतील काही चिन्हांचे वाचन यंगने केले होते. सकाळी रोगी तपासायचे, दुपारी प्रकाश आणि रात्री प्राचीन लिपी! त्या माणसाला आपल्या विद्यापीठाच्या कोणत्या शाखेत प्रवेश मिळाला असता, कोण जाणे.

संगीताच्या मंडळींनाही तरंग परके नाहीत. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा जुळवताना त्या जवळजवळ जुळल्या म्हणजे आवाज घुमतो, कमीजास्त होतो. एक तार सेकंदाला १३० आणि दुसरी १३१ वेळा कंपत असेल तर हे हेलकावे सेकंदाला बरोबर एक पडतात. यांना विस्पंद म्हणतात आणि हेही व्यतिकरणच आहे. हेलकावे लांबत लांबत नाहीसे झाले की तारा जुळल्या. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास मृदंग-तबला आणि तंबोरा-वीणा यांच्या ध्वनीचा शास्त्रीय अभ्यास केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नोबेल पारितोषिक त्यांना १९३० मध्ये प्रकाशावरच्या कामासाठी मिळाले.

सावलीतला किनारा

हे सारे थाळीपुरते, पुस्तकापुरते आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने २६ डिसेंबर २००४ आठवावा. सुमात्राजवळ समुद्रतळाशी ९.१ प्रतीचा भूकंप झाला आणि त्सुनामीने दोन लाखांहून अधिक माणसे गेली. त्सुनामीची तरंगलांबी शेकडो किलोमीटर असते. त्यामुळे चार किलोमीटर खोलीचा महासागरही तिच्या दृष्टीने आमच्या ट्रेसारखा उथळच. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग केवळ खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर येतो, दहा मीटर खोलीवर ताशी ३५ च्या घरात. भर समुद्रात तिची उंची मीटरभरही नव्हती, जहाजावरच्या माणसाला ती कळलीही नसती. पण किनाऱ्याशी पुढची लाट मंदावते, मागची येऊन भिडते आणि पाण्याची भिंत उभी राहते.

तमिळनाडूचा किनारा थेट समोर होता, तेथे नाश झाला याचे दुःख होते पण नवल वाटत नाही. केरळचा किनारा मात्र पश्चिमेला, श्रीलंकेच्या आणि कन्याकुमारीच्या आड. नकाशावर सुमात्रापासून सरळ रेघ ओढली तर ती केरळला पोहोचत नाही. तरीही कोल्लम परिसरात लाटा घुसल्या आणि केरळात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. लाटांनी बेटाला वळसा घातला होता. थाळीत पट्टीच्या आड ठेवलेला बुचाचा तुकडा हलताना आम्ही पाहिला होता, त्याचाच हा भीषण अर्थ. पुढे २००७ मध्ये हैदराबाद येथे भारताचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. आपल्या अरबी समुद्राचीही या बाबतीत पाटी कोरी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यापाशी झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

बंधाऱ्याचा प्रश्न

आता आमच्या वाडीविषयी. पावसाळ्यातल्या उधाणात पुळण दरवर्षी थोडी थोडी खचते, माड उन्मळतात. म्हणून ग्रामसभेत किनाऱ्याला उभी काँक्रीटची भिंत बांधावी असा विषय आला. घरे वाचली पाहिजेत याबद्दल दुमत नव्हते. पण उभी भिंत लाट गिळत नाही, परत पाठवते, आणि भिंतीपुढे पाणी जवळजवळ दुप्पट उसळते, हे थाळीत पाहिलेले होते. समुद्रात त्या उसळीने भिंतीच्या पायाची वाळू उपसली जाते. पाया उघडा पडतो, पुळण जाते आणि होड्या ओढायला जागा उरत नाही. भिंतीच्या दोन्ही टोकांना, जेथे ती संपते तेथे, शेजाऱ्याच्या जमिनीची धूप वाढते. मोठ्या ओबडधोबड दगडांचा उतरता बंधारा केला तर लाट दगडांच्या फटींत शिरून फुटते, तिची बरीच शक्ती तेथेच जिरते. परावर्तन कमी होते, थांबत नाही.

मी हे ग्रामसभेत मांडले. एक गृहस्थ म्हणाले, “ताई, तुम्ही आर्ट्सच्या ना?” मग तांडेलकाका उठले आणि त्यांनी एवढेच विचारले, “भिंतीने लाट थोपवली, म्हणजे ती गेली कुठे?” उत्तर कोणाजवळ नव्हते. अखेर उभ्या भिंतीऐवजी दगडी उताराचा विचार व्हावा आणि जाणकारांकडून किनाऱ्याची पाहणी करून घ्यावी, असा ठराव झाला. त्याचे पुढे काय होईल ते कागदपत्रे फिरतील तसे कळेल. पण प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला आहे.

अशी पाहणी करणारी माणसे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनचा वारसा असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. तेथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती मोठ्या हौदांत बांधून त्यांच्यावर कृत्रिम लाटा सोडतात आणि धक्का कोठे असावा, लाटरोधक बंधाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला ठेवावे, ते पाहतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर काळ दहापट आखडावा लागतो, म्हणजे समुद्रातली दहा सेकंदांची लाट तेथे एका सेकंदाला येते. आमची थाळी ही त्या हौदांची धाकटी बहीणच म्हणायची.

त्याच घराण्यातले आणखी एक मोठे उपकरण मराठवाड्यात येऊ घातले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळेने दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेले गुरुत्वीय तरंग प्रथमच टिपले. चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून प्रकाश पाठवून, परत आल्यावर त्यांचे व्यतिकरण पाहणे, हे तिचे तत्त्व. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. लाकडी पट्टीला टांगलेल्या दोन मण्यांचे तत्त्व तेथे विश्वाचा कानोसा घेणार आहे.

आपल्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी पत्रकार, कोणी सरपंच किंवा तलाठी. बंधारा, धक्का, धरण, रस्ता यांचे कागद आपल्याच टेबलावरून जातील. त्यांची गणिते करणे आपले काम नाही, ते अभियंते करतील. पण ‘लाट गेली कुठे?’ हे विचारण्याइतके ज्ञान आपल्याजवळ असले पाहिजे, आणि ते मिळवायला फार खर्च लागत नाही. काचेचा ट्रे नसेल तर पसरट परातीत बोटभर पाणी घ्या, उन्हात ठेवा आणि एका कडेला हलकेच टिचकी मारा. परातीच्या तळाशी सरकणारे उजेडाचे पट्टे पाहा. मध्ये एक वाटी उपडी ठेवा आणि तिच्या आडोशाचे पाणी शांत राहते का, ते स्वतः तपासा.